मुदतपूर्व जन्मलेल्या बाळाचे वजन फारच हळू वाढते आहे. नेमके काय तपासावे?

तगर
नमस्कार. आमच्या मुलीचा जन्म ३१ आठवडे आणि २ दिवस भरले असताना झाला. माझा रक्तदाब आटोक्यात येईना, म्हणून डॉक्टरांनी तातडीने सिझेरियन केले. जन्मतः वजन १,४२० ग्रॅम होते. पाचव्या दिवशी ते १,२७० ग्रॅमपर्यंत उतरले, पंधराव्या दिवशी पुन्हा १,४२० ग्रॅम झाले आणि चौतिसाव्या दिवशी १,८६० ग्रॅम वजन असताना आम्हांला घरी सोडले. तोपर्यंत सगळे ठीक होते. घरी आल्यापासून मात्र काटा जणू अडकून बसला आहे : ४१व्या दिवशी १,९२०, ४८व्या दिवशी १,९९० आणि आज, ५५व्या दिवशी, २,०६० ग्रॅम. तीन आठवड्यांत अवघे २०० ग्रॅम!

शेजारच्या घरी त्याच आठवड्यात पूर्ण दिवसांचे बाळ जन्मले होते, ते आता पाच किलोंच्या घरात आहे. भेटायला येणारे प्रत्येक जण दोन्ही बाळे पाहून जातात आणि जे बोलायचे ते बोलतात. सासूबाईंचे म्हणणे असे, की माझे दूध पातळ असल्यामुळे ते अंगी लागत नाही, तेव्हा गाईचे दूध थोडे पाणी घालून सुरू करावे. एका मावशींनी तर "सातव्यातले तगते, आठव्यातले तगत नाही" हे माझ्यासमोरच म्हटले. बाळ अंगावर पिते, बोंडल्यानेही दूध घेते, शी-शू करते, रडते मात्र फार कमी. पुढची तपासणी आठ दिवसांनी आहे. ती लवकर करून घ्यावी का आणि जाताना डॉक्टरांना काय विचारावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

गणितमास्तर
ताई, आमची जुळी मुले ३२व्या आठवड्यात जन्मली आणि आता तिसरीत आहेत, त्यामुळे हा काटा आम्हीही पुष्कळ दिवस रात्रंदिवस पाहिला आहे. आधी तारखांचा हिशेब करू. ५५ दिवस म्हणजे ७ आठवडे ६ दिवस. ते ३१ आठवडे २ दिवसांत मिळवले की ३९ आठवडे १ दिवस होतात. तुमच्या लेकीची जन्माची अपेक्षित तारीख अजून सहा दिवस पुढे आहे. कॅलेंडर तिला दोन महिन्यांची म्हणत असले, तरी वाढीच्या हिशेबाने ती अजून जन्मायचीच आहे. शेजारच्या बाळाशी तिची तुलना करणे म्हणजे पहिलीत नाव घालण्याआधीच मुलाला तिसरीचा पेपर देण्यासारखे आहे. वजन, उंची, मान धरणे, बसणे या सगळ्यांसाठी दोन वर्षांपर्यंत हे दुरुस्त केलेले वयच धरायचे असते. लसी मात्र प्रत्यक्ष जन्मतारखेप्रमाणे द्यायच्या असतात, तिथे दुरुस्ती लागत नाही.

आता दुसरी बाजू. तुमची शंका निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. रुग्णालयातल्या शेवटच्या १९ दिवसांत ४४० ग्रॅम वाढले, म्हणजे रोज सुमारे २३ ग्रॅम. घरी २१ दिवसांत २०० ग्रॅम, म्हणजे रोज साडेनऊ ग्रॅम. साधारण दोन किलोंपर्यंत दर किलोमागे रोज १५ ते २० ग्रॅम आणि त्यापुढे रोज २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. ३१ आठवड्यांना १,४२० ग्रॅम हे वजन मुदतपूर्व बाळांच्या तक्त्यात मधल्या रेषेच्या आसपास पडते. ३९ आठवड्यांना २,०६० हे मात्र सर्वांत खालच्या रेषेच्याही खाली जाते. आठ दिवस थांबू नका, उद्याच फोन करा.

मोरपंखी
फोन जरूर करा, पण काटा कोणता वापरता, तेही तपासा. आमच्या मुलाचे वजन सुट्टी मिळाल्यावर एका आठवड्यात १२० ग्रॅमने "उतरले" होते आणि आम्ही दोघे रात्रभर जागे होतो. नंतर कळले, की रुग्णालयात पाच-दहा ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर उघड्या बाळाचे वजन घेत होते आणि गावच्या दवाखान्यात स्प्रिंगच्या काट्यावर, तोही कुणी शून्यावर आणलेला नव्हता. टोपडे, झबले, लंगोट आणि दुपटे मिळून किती ग्रॅम होतात, हे एकदा घरीच मोजून पाहा, थक्क व्हाल. काटा एकच असावा, वेळ एकच असावी, वजन दूध पाजण्याआधी घ्यावे आणि बाळाच्या अंगावर कपडे नसावेत. शिवाय रोज मोजू नये. एका वेळचे दूध ३० मिली म्हणजे साधारण ३० ग्रॅम आणि भरलेला लंगोटही तेवढाच, तेव्हा दिवसादिवसाचा फरक बाळाचा नसून दुधाचा आणि लघवीचा असतो. आठवड्यातून एकदा मोजणे पुरते.

तगर
काटा एकच आहे, आमच्या बालरोगतज्ज्ञांकडचा इलेक्ट्रॉनिक, आणि कपडे काढूनच मोजतात. म्हणजे दोष काट्याचा नाही.

पांढरी टोपी
मी मुंबईत नवजात अतिदक्षता विभागात बावीस वर्षे परिचारिका होते, आता निवृत्त आहे. इथून बाळ दिसत नाही, त्यामुळे निदान करण्याचा माझा अधिकार नाही आणि हेतूही नाही. परंतु अशी आई विभागात आली, की आम्ही सर्वांत आधी विचारत असू तोच प्रश्न तुम्हांला विचारते : चोवीस तासांत बाळाच्या पोटात एकूण किती मिलीलिटर दूध जाते? "पोटभर", "नेहमीप्रमाणे", "दर दोन-तीन तासांनी" ही उत्तरे चालणार नाहीत. एक वही घ्या आणि दोन दिवस प्रत्येक पाजण्याची वेळ आणि मोजलेले दूध लिहा. सोबत किती लंगोट ओले झाले, बाळ आपणहून उठले की उठवावे लागले, पिताना ओठ निळसर झाले का, घाम आला का, मधेच दमून थांबले का, हेही लिहा. सुट्टीच्या कागदावर दुधाविषयी काय लिहिले होते, तेही कळवा.

दूध पातळ असल्याच्या शेऱ्याविषयी आत्ताच सांगते. आईचे दूध दिसायला निळसर-पातळ असते, पण १०० मिलीमध्ये सुमारे ६५ ते ७० किलोकॅलरी असतात. गाईच्या दुधात पाणी घातले, की कॅलरी आणखी कमी होतात, प्रथिने आणि क्षार मात्र बाळाच्या मूत्रपिंडाला न झेपणारे राहतात, आणि एवढ्या लहान आतड्याला संसर्गाचा धोका असतो तो वेगळाच. असे दूध देऊ नका. आईचे दूध खरोखरच कमी पडत असेल, तर पहिला पर्याय दुसऱ्या आईचे तपासलेले दूध हा आहे. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, ती अशाच बाळांसाठी. तेही मिळाले नाही, तर मुदतपूर्व बाळांसाठीची भुकटी डॉक्टर लिहून देतात. पण तुमच्या बाबतीत प्रश्न दुधाच्या प्रतीचा नसून मोजमापाचा असावा, असा माझा कयास आहे.

आणि त्या मावशींना सांगा, की आठव्यातले बाळ सातव्यातल्यापेक्षा कच्चे असते, हे धादांत खोटे आहे. पोटात राहिलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या बाजूनेच जातो.

तगर
वही केली. रुग्णालयाच्या कागदावर "२५ मिली, दर दोन तासांनी, बोंडल्याने, त्याआधी अंगावर" असे लिहिले आहे. प्रत्यक्षात दिवसा आम्ही अडीच-तीन तासांनी पाजतो. रात्री ती दोनदा सलग चार-पाच तास झोपते. झोपलेल्या लेकराला उठवू नये, झोपेतच बाळ वाढते, असे घरात सगळ्यांचे म्हणणे असल्यामुळे आम्ही उठवत नव्हतो आणि खरे सांगायचे तर मलाही तेवढीच झोप मिळत होती. दोन्ही दिवशी बोंडल्याने आठ वेळा २५ मिली, म्हणजे २०० मिली दूध गेले. अंगावर ती पाच-सात मिनिटे ओढते आणि झोपी जाते. आपणहून उठली ती दोन दिवसांत फक्त तीनदा.

पांढरी टोपी
आता हिशेब मांडू. १,८६० ग्रॅम वजन असताना २५ मिली बारा वेळा म्हणजे ३०० मिली, दर किलोमागे १६१ मिली. हे प्रमाण योग्य होते. मुदतपूर्व बाळाला दर किलोमागे रोज साधारण १५० ते १८० मिली दूध आणि ११० ते १३५ किलोकॅलरी लागतात. आज वजन २,०६० आहे आणि दूध २०० मिली, म्हणजे किलोमागे ९७ मिली. कॅलरी झाल्या ६५च्या आसपास. अंगावरचे थोडे धरले, तरी गरजेच्या दोन-तृतीयांशाच्या पुढे गाडी जात नाही. एवढ्यावर ती रोज साडेनऊ ग्रॅमने वाढली, याबद्दल तिची पाठच थोपटायला हवी.

यात दोन चुका एकत्र आल्या आणि त्या फार घरांत येतात. एक म्हणजे बारा वेळांच्या आठ वेळा झाल्या. दुसरी जास्त लपलेली आहे : कागदावरचा २५चा आकडा सुट्टीच्या दिवशीच्या वजनाचा होता, बाळ वाढले तरी तो वाढलाच नाही. हा आकडा वजनाबरोबर चढता ठेवावा लागतो, हे सुट्टीच्या गडबडीत कुणी नीट सांगत नाही. आमच्या विभागातही अनेकदा सांगायचे राहून गेले आहे, हे मला मान्य करावे लागेल.

झोपेविषयी. पूर्ण दिवसांचे निरोगी बाळ भुकेने उठते. कमी दिवसांचे बाळ भूक लागली तरी उठेलच, असे नसते. उलट ऊर्जा कमी पडली, की ते अधिक झोपते, अधिक झोपले की कमी पिते आणि घरचे म्हणतात, किती गुणी बाळ आहे, रडत नाही. तुमच्या पहिल्याच लेखनातल्या "रडते मात्र फार कमी" या वाक्याशी मी थबकले होते. डॉक्टर वेगळे सांगेपर्यंत रात्रीसुद्धा उठवून पाजा. दुपटे सोडा, लंगोट बदला, तळपायाला बोट लावा, उठेल.

अंगावर पाजण्याविषयी. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३२ ते ३४ आठवड्यांपासून बसू लागतो, पण बळ यायला आणखी वेळ लागतो. पाच-सात मिनिटांत झोपणारे बाळ बहुधा सुरुवातीचेच दूध घेते, साईचा भाग शेवटी येतो. म्हणून पिताना स्तन हलके दाबत राहा, म्हणजे धार चालू राहील. उरलेले दूध हाताने काढून तेच बोंडल्याने द्या. काढलेले दूध वाटीत ठेवले, की स्निग्धांश कडेला चिकटतो, तेव्हा देण्यापूर्वी वाटी हलकेच फिरवून सगळे एकजीव करा. एका पाजण्याला एकूण अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लावू नका. त्यापुढे बाळ जेवढे कमावते त्याहून जास्त खर्च करते.

डॉक्टरांना पुढील गोष्टी विचारा : दुधाचा नवा आकडा किती ठेवायचा आणि तो दर आठवड्याला कोण बदलणार, रुग्णालयात आईच्या दुधात मिसळायची पौष्टिक पूड दिली होती का आणि ती आता काही काळ चालू ठेवायची का, हिमोग्लोबिन किती आहे, लोह आणि ड जीवनसत्त्व सुरू आहे का, डोक्याचा घेर आणि लांबी कशी वाढते आहे. डोके चांगले वाढत असेल, तर निम्मी काळजी कमी होते. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली का, हेही सांगा. आपल्याकडे ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोंपर्यंतच्या वजनाने जन्मलेल्या प्रत्येक बाळाची ती जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत सुरू व्हावी, असा दंडक आहे. तुम्ही ती मर्यादा ओलांडली आहे आणि ज्या बाळांचे वजन हळू वाढते, त्यांच्यात पडद्याच्या आजाराचा धोका अधिक दिसतो.

एक मात्र लक्षात ठेवा. बाळ दूध घेईनासे झाले, हातपाय-पोट थंड लागले, श्वास मधेच थांबला किंवा फार जलद झाला, रंग निळा-पांढरा पडला, लघवी कमी झाली, हिरवी उलटी झाली, तर वही आणि गणित बाजूला ठेवून त्याच क्षणी रुग्णालय गाठायचे.

आजीचा बटवा
मी या मंडळींतली सर्वांत वयस्कर असेन. सासूबाईंची बाजू थोडी मांडते, कारण मीही एक सासू आहे. आमच्या वेळी कमी दिवसांचे लेकरू कापसात गुंडाळून चुलीजवळच्या उबेला ठेवत. जे वाचले ते वाचले आणि वाचलेल्यांच्याच गोष्टी पुढे सांगितल्या गेल्या, गेलेल्यांची कुणी मोजदाद ठेवली नाही. त्यामुळे आम्हांला वाटते, आमचे उपाय चालत होते. माझ्या नातवाच्या वेळी मी तेल-मालिश, गरम पाण्याची अंघोळ, ओव्याची धुरी आणि गुटी हे सगळे चालू केले होते. सूनबाईंनी विरोध केला, मला राग आला आणि आठवडाभर आम्ही एकमेकींशी बोललो नाही. विचारायचे ते हे, की यातले खरोखर काहीच चालत नाही का?

पांढरी टोपी
आजी, चालते ते उबेचे तत्त्व. त्यात तुमच्या पिढीचे काहीच चुकले नव्हते. बाळ गार पडले, की दुधातली ऊर्जा अंग तापवण्यात जाते आणि वजनासाठी उरत नाही. अडीच किलोंच्या आतल्या बाळाला रोज अंघोळ घालण्याची गरज नसते, कोमट ओल्या कपड्याने पुसले तरी पुरे. हलक्या हाताने, ऊबदार खोलीत, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तेल लावायला हरकत नसते, पण दणकून मालिश नको आणि नाका-कानांत तेल अजिबात नको. धुरी बंदच करा, त्या फुप्फुसांना धूर सोसत नाही. गुटी, मध, साखरपाणीही नको. मधातून एक वर्षाच्या आतल्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते आणि गुटीने इवल्याशा पोटातली दुधाची जागा अडते.

वैनगंगा
उबेवरून दोन शब्द. मी गडचिरोली जिल्ह्यात आशाताईंच्या प्रशिक्षणाचे काम करते. याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या साध्या, थोड्या शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाचे वजन करणे, तापमान मोजणे, ऊब राखणे आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे शिकवले. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आज देशभर आशाताई नवजात बाळाच्या घरी ज्या भेटी देतात, त्यांचे मूळ तिथे आहे. रुग्णालयात प्रसूती झालेल्या बाळाला ४२ दिवसांत सहा भेटी ठरलेल्या आहेत आणि कमी वजनाच्या बाळांना त्यापुढेही भेटी मिळतात. तगरताई, तुमच्या भागातल्या आशाताईंना हक्काने बोलवा. त्यांच्याकडे काटाही असतो.

आणखी एक म्हणजे कांगारू पद्धत. बाळाला फक्त टोपी आणि लंगोट घालून आईच्या उघड्या छातीवर, दोन्ही स्तनांच्या मधे उभे ठेवायचे आणि वरून कापडाने बांधायचे. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोता शहरात काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या, तेव्हा एडगर रे यांनी हे सुरू केले. नाइलाजाचा हा उपाय आता पेट्या भरपूर असलेल्या देशांतही पहिल्या पसंतीचा झाला आहे. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जन्मल्याबरोबर कांगारू पद्धत सुरू केलेल्या अगदी लहान बाळांचे मृत्यू एक-चतुर्थांशाने कमी झाले. जागतिक आरोग्य संघटना दिवसातून ८ ते २४ तास सांगते. आई दमली, की बाबांनी, आजीने, आत्याने घ्यावे. एका गावात मी एका आजोबांना बाळाला छातीशी बांधून ओसरीवर रेडिओ ऐकत बसलेले पाहिले आहे आणि त्या बाळाचे वजन छान वाढत होते.

लीड्सकर
तगरताईंचा प्रश्न दुधाच्या हिशेबात सुटेल असे दिसते, तरीही हा धागा उद्या दुसरे कुणी वाचतील, म्हणून आमचा वेगळा अनुभव नोंदवतो. आमचा मुलगा इंग्लंडमध्ये २७व्या आठवड्यात जन्मला. घरी आला तेव्हा त्याला नळीने प्राणवायू चालू होता. दूध किलोमागे १८० मिली जात होते, मोजून, तरीही वाढ रोज दहा-बारा ग्रॅमच्या वर जाईना. कारण फुप्फुसांच्या जुनाट आजारात श्वास घेण्याचे कष्टच एवढे असतात, की कमाई सगळी तिथेच खर्च होते. अशा बाळाला आणखी दूध पाजून उपयोग होत नाही, कारण जास्त पाणी फुप्फुसांना सोसत नाही. तेवढ्याच दुधात जास्त ऊर्जा भरावी लागते. दुसरे म्हणजे प्राणवायू लवकर काढायची घाई आम्ही केली होती. दूध पिताना आणि झोपेत त्याच्या रक्तातली प्राणवायूची पातळी खाली जात होती, प्राणवायू परत वाढवल्यावर वजनही चढू लागले.

तक्त्यांविषयी एक गोष्ट आपल्या लोकांना ठाऊक असावी. मुदतपूर्व बाळांसाठी फेंटनचा तक्ता पुष्कळ ठिकाणी वापरतात. तो पोटातल्या वाढीवर बेतलेला आहे. 'इंटरग्रोथ-२१' हा दुसरा तक्ता प्रत्यक्ष जन्मलेल्या मुदतपूर्व बाळांना मोजून केलेला आहे आणि तो ज्या आठ शहरांच्या अभ्यासातून निघाला, त्यांत ऑक्सफर्ड, ट्युरिन, सिएटल यांच्या पंक्तीला आपले नागपूर आहे. तेव्हा "हे तक्ते गोऱ्या बाळांचे, आपली बाळे बारीकच असतात" असे कुणी म्हणाले, तर त्याला नागपूरची आठवण करून द्यावी. मात्र तक्ता मधेच बदलू नये. एका तक्त्यावर खाली दिसणारे बाळ दुसऱ्यावर वर दिसू शकते आणि आईबाप उगाच हुरळतात किंवा घाबरतात.

तिळारी
आमच्या भाचीच्या बाबतीत कारण तिसरेच निघाले. ३३ आठवड्यांची बाळी, दूध व्यवस्थित, पण वजन जागच्या जागी, शी घट्ट आणि आवाज घोगरा. जन्मानंतरची थायरॉइडची चाचणी सामान्य आली होती, म्हणून कुणाचे तिकडे लक्ष गेले नाही. कमी दिवसांच्या बाळांत हा दोष पहिल्या चाचणीत लपून राहू शकतो, म्हणून दोन ते चार आठवड्यांनी ती पुन्हा करतात, ही गोष्ट आम्हांला दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितली. मग बाळीला पणजी शहरात नेऊन तपासले, गोळी सुरू झाली आणि महिन्याभरात बाळीने कात टाकली. दुधाचा हिशेब बरोबर असूनही वजन वाढत नसेल, तर थायरॉइड, लघवीतील जंतुसंसर्ग आणि हृदयाची तपासणी यांविषयी विचारायला लाजू नये.

तगर
सर्वांचे मनापासून आभार. काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. वही पाहून ते हसले आणि म्हणाले, "हे काम तुम्ही माझेच केले आहे." दूध आता ३० मिली, दर दोन तासांनी, रात्रीही, म्हणजे ३६० मिली, किलोमागे १७५. दिवसातून काही वेळा त्यात पौष्टिक पूड मिसळायची आहे. हिमोग्लोबिन ८.२ आले. या वयाच्या मुदतपूर्व बाळांत ते असे उतरतेच आणि सध्या रक्त देण्याची गरज नाही, असे सांगून त्यांनी लोह सुरू केले. लघवी आणि थायरॉइड ठीक आहे. डोक्याचा घेर रेषेवर चालला आहे, हे ऐकून मी तिथेच रडले. डोळ्यांची तपासणी राहून गेली होती, ती आज झाली. पडदा अजून पूर्ण तयार झालेला नाही, पण आजार नाही, दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावले आहे. पांढरी टोपी ताई, ही आठवण तुम्ही केली नसती, तर आम्हांला सुचलेच नसते.

एक शंका उरते. वजन भरून काढण्यासाठी तिला आता भराभर वाढवायचे का?

लीड्सकर
हाच प्रश्न आम्हीही विचारला होता. आमच्या डॉक्टरांचे उत्तर असे, की अपेक्षित तारखेपर्यंत आणि त्यानंतरच्या सुरुवातीच्या महिन्यांत मागे पडलेले भरून येणे मेंदूच्या दृष्टीने चांगलेच, पण लांबी आणि डोके सोबत वाढायला हवेत. नुसते वजन चढवणे हे उद्दिष्ट नाही. आपल्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळे सरासरी २.७ किलो, तिकडची ३.५ किलो. स्नायू आपल्या बाळांत पुष्कळ कमी, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. ती बाळे पूर्ण दिवसांची होती, हे खरे. परंतु बारीक दिसणारे बाळ चरबीने भरून काढणे म्हणजे वाढ नव्हे, एवढा बोध त्यातून घेता येतो.

मोरपंखी
याच ओघात विचारते, कारण माझी धाकटी जाऊ सध्या याच वळणावर आहे. तिचा मुलगा ३२ आठवड्यांचा, आता सहा महिन्यांचा झाला. वजन कमी आहे म्हणून सगळे पेज आणि नाचणीची खीर सुरू करा म्हणतात.

गणितमास्तर
दुरुस्त वय मोजा : सहा महिन्यांतून आठ आठवडे वजा जाता तो चार महिन्यांचाच आहे. दिल्लीत ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांवर नेमकी हीच चाचणी झाली आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला दुरुस्त वयाच्या चौथ्या महिन्यापासून वरचे अन्न, दुसऱ्याला सहाव्यापासून. वर्षाच्या शेवटी वजनात फरक नव्हता, उलट लवकर सुरू केलेल्या गटातली बाळे अधिक वेळा रुग्णालयात भरती झाली. पातळ पेज पोट भरते, पण दुधापेक्षा कमी ऊर्जा देते. तेव्हा डॉक्टरांनी वेगळे कारण सांगितले नसेल, तर दुरुस्त वयाच्या सहा महिन्यांपर्यंत थांबावे.

तगर
दोन आठवड्यांनी कळवते आहे. ६२व्या दिवशी २,१९० आणि आज, ६९व्या दिवशी, २,३८० ग्रॅम. शेवटच्या आठवड्यात रोज सरासरी २७ ग्रॅम. आता ती आपणहून उठते आणि चांगली सणसणीत रडते. रात्री दोनच्या आणि चारच्या वेळा सासूबाईंनी स्वतःकडे घेतल्या आहेत, वहीत त्यांच्या अक्षरात "४.१०, ३० मिली, सगळे प्यायली" अशा नोंदी आहेत. दुपारी त्याच तिला छातीशी बांधून बसतात. शेजारच्या बाळाविषयी घरात आता कुणी बोलत नाही.

पांढरी टोपी
फार बरे वाटले. आता लगेच एक काम करा. २,३८० ग्रॅमला ३६० मिली म्हणजे किलोमागे १५१ मिली झाले. आकडा पुन्हा मागे पडू लागला आहे. डॉक्टरांना फोन करून ३५ मिली करायचे का, ते आजच विचारा आणि वहीच्या पहिल्या पानावर दर सोमवारचे वजन व त्यासमोर नवा आकडा, असे दोन रकाने आखून ठेवा. ती अंगावर पुरेसे ओढू लागेपर्यंत ते दोन्ही रकाने भरायचे काम सासूबाईंकडेच द्या.